बाळ हसत का नाही?

इंदूरहून एका आजीबाईंचे पत्र आले आहे. अक्षर वळणदार, मजकूर मात्र काळजीने भरलेला. त्या लिहितात, "नातू साडेचार महिन्यांचा झाला. आवाजाकडे मान वळवतो, भूक लागली की घर डोक्यावर घेतो. पण रडताना तोंड वेडेवाकडे होत नाही आणि कितीही खेळवले तरी हसत नाही. झोपतो तोही डोळे अर्धवट उघडे ठेवून. उजव्या हाताची बोटे आखूड आणि जुळलेली आहेत, त्याच बाजूची छाती चपटी दिसते. सूनबाईंनी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे शेजारच्या बायका म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर 'मोबियस-पोलंड' असे लिहून दिले आहे. पोलंड देशातला आजार आमच्या घरी कसा आला?"

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. या पोलंडचा त्या देशाशी काही संबंध नाही. ते एका इंग्रज डॉक्टरांचे आडनाव. १८४१ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंड नावाचा तरुण विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. समोर एका कैद्याचा मृतदेह होता. छातीवरचा मोठा स्नायू, जो एरवी छातीच्या मधल्या हाडापासून दंडापर्यंत पंख्यासारखा पसरलेला असतो, त्याचा बराचसा भाग एका बाजूला नव्हताच. त्याखालचा लहान स्नायूही नव्हता. त्याच बाजूच्या हाताची बोटे कातडीने एकमेकांना जोडलेली होती. पोलंड यांनी जे दिसले ते टिपून ठेवले, रुग्णालयाच्या वार्षिकात छापले आणि पुढे ते नेत्रतज्ज्ञ म्हणून नावाजले. या विकाराला त्यांचे नाव चिकटले ते एकशेवीस वर्षांनी, १९६२ साली. त्याच रुग्णालयातल्या क्लार्कसन या हाताच्या शल्यचिकित्सकांनी तो जुना कागद शोधून काढला तेव्हा.

दुसरे नाव पॉल मोबियस यांचे. जर्मनीतील लाइपझिग शहराचे हे मज्जाविकारतज्ज्ञ. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली की तयार होणारी 'मोबियसची पट्टी' पुष्कळांना शाळेत दाखवलेली असेल. ती ज्या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ते यांचे आजोबा. नातवाने १८८८ आणि १८९२ मध्ये जन्मतःच चेहरा आणि डोळे हलवू न शकणाऱ्या रुग्णांची वर्णने एकत्र केली. याच गृहस्थांनी १९०० साली स्त्रियांची बुद्धी निसर्गतःच कमी असते असे सांगणारे पुस्तकही लिहिले. विकाराचे वर्णन उपयोगी म्हणून टिकले, ते पुस्तक आज कोणी गंभीरपणे घेत नाही. बरेच झाले म्हणायचे.

आता बाळाकडे वळू. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यातली सातवी जोडी चेहऱ्याची. कपाळाला आठी घालणे, डोळे घट्ट मिटणे, गाल फुगवणे, ओठांचा चंबू करणे, हसणे, ही सारी तिची कामे. सहाव्या जोडीकडे एकच काम, बुबुळ कानाच्या दिशेला फिरवणे. मोबियस विकारात या दोन जोड्या किंवा मेंदूच्या देठातील त्यांची उगमस्थाने पोटात असतानाच नीट घडत नाहीत. मग चेहरा मुखवट्यासारखा स्थिर राहतो आणि डोळे बाजूला वळत नाहीत. बाजूचे पाहायचे तर मूल अख्खी मान फिरवते. काही बाळांत जीभ, टाळा आणि गिळण्याचे मज्जातंतूही अधू असतात, काहींचे पाऊल आत वळलेले असते. आणि शंभरातल्या साधारण पंधरा जणांत पोलंड यांनी वर्णन केलेली छातीची आणि हाताची उणीवही सोबत असते. आजीबाईंचा नातू त्यातला.

हे विरळाच आहे. मोबियसची बाळे दहा लाख जन्मांमागे दोन ते वीस असावीत, असा अंदाज निरनिराळ्या देशांत केला गेला आहे. नुसता पोलंड विकार त्यामानाने जास्त, वीस-तीस हजारांत एक. तोही खरा आकडा नव्हे. कारण हात ठीक असेल आणि मुलगा अंगात सदरा घालून वावरत असेल तर छातीचा एक स्नायू कमी आहे हे त्याचे त्यालाही कित्येकदा ठाऊक नसते. मुलग्यांत हा प्रकार मुलींपेक्षा अधिक दिसतो आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला अधिक.

महत्त्वाची गोष्ट ही की, विकार वाढत जाणारा नाही. जन्माच्या दिवशी जेवढे अधू आहे तेवढेच. पुढे अर्धांग होईल, दुसरा हात जाईल, अशी भीती बाळगू नये.

ग्रहणाचे म्हणाल तर एवढेच सांगते. हाताची बोटे गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत सुटी होतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूंची घडणही त्याच सुमाराची. म्हणजे पाळी चुकून महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच हा सगळा कारभार उरकलेला असतो. सहाव्या-सातव्या महिन्यात कोणी भाजी चिरली, विळी हातात घेतली, सुईत दोरा ओवला, त्याने तयार झालेली बोटे परत जुळत नाहीत. ग्रहण पाळायचे त्यांनी पाळावे. पण बाळंतिणीसमोर हे बोलू नये. आधीच तिची झोप उडालेली असते.

मग कारण काय? तज्ज्ञांचा बराच काळ असा कयास आहे की, सहाव्या आठवड्याच्या आसपास छाती, हात आणि मेंदूचा देठ यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला पुरवठा काही काळ तुटतो. गळ्याच्या हाडाखालून हाताकडे जाणारी जी मोठी रोहिणी, तिच्यात अडथळा आला तर छातीचा स्नायू आणि बोटे खुंटतात. तिच्याच फांद्या मेंदूच्या देठाला रक्त देतात, म्हणून चेहराही त्यात सापडू शकतो. एकाच बाळात चेहरा आणि छाती या दोन दूरच्या गोष्टी एकदम का बिघडतात, याचा त्यातून काहीसा उलगडा होतो. २०१५ साली काही मोबियस रुग्णांत दोन जनुकांमध्ये नव्याने झालेले बदलही सापडले. नव्याने म्हणजे आईवडिलांत नसलेले, बाळातच प्रथम उद्भवलेले. बहुतेक घरांत मागच्या पिढ्यांत कोणालाच असे झालेले नसते आणि पुढच्या भावंडालाही सहसा होत नाही. तरीही दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आनुवंशिकीच्या तज्ज्ञांना एकदा भेटावे.

एका कारणाबद्दल मात्र उघड बोलले पाहिजे. कौटुंबिक साप्ताहिकात नको, असे काहींना वाटेल. मला तर वाटते, इथेच हवे.

मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी आहे. मुळात ती पोटातल्या व्रणासाठी निघाली. तिने गर्भाशयाचे जोरदार आकुंचन होते, म्हणून गर्भपातासाठीही तिचा उपयोग होऊ लागला. ब्राझीलमध्ये गर्भपाताला कायद्याने जवळजवळ बंदी. तेथे बायका चोरून ही गोळी घेत. कित्येकदा गर्भ पडत नसे आणि दिवस पुढे जात. १९९८ साली तेथील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोबियस असलेली ९६ बाळे आणि पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेली ९६ बाळे यांच्या आयांना सारखेच प्रश्न विचारले. मोबियसच्या बाळांपैकी ४७ जणांच्या आयांनी पहिल्या तीन महिन्यांत मिसोप्रोस्टॉल घेतले होते. दुसऱ्या गटात फक्त तिघींनी.

आपल्याकडे काय चालते ते आपण सगळे जाणतो. गर्भपाताच्या गोळ्यांचा संच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे, आणि तरीही "पाळी येत नाही, काहीतरी द्या" म्हटले की मिळतो. नवरा जाऊन आणतो. गोळी घेतली, थोडे रक्त गेले, वाटले झाले काम. दोन महिन्यांनी पोट दिसू लागते. तेव्हा कोणाला सांगण्याची सोय उरत नाही. असे झालेल्या प्रत्येकीच्या बाळात दोष येतो असे मुळीच नाही. बहुतेक बाळे ठीकच जन्मतात. पण धोका खरा आहे. गोळी घेऊनही गर्भ राहिला असेल तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायला हवे, लपवू नये. आपल्या देशात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुकानातून चोरून गोळी आणण्याची मग गरजच काय?

हे वाचून कोणा सासूने सुनेची उलटतपासणी सुरू करू नये, हेही लगेच सांगते. ज्यांनी कधी एकही गोळी घेतली नाही अशांच्या पोटीही ही बाळे जन्मतात. आणि कारण शोधून चेहरा हलू लागत नाही. करायचे ते काम वेगळेच आहे, आणि पुष्कळ आहे.

पहिले काम दुधाचे. ओठ मिटत नाहीत म्हणून बाळाला चोखता येत नाही. दूध कडेने गळते, बाळ दमते, वजन वाढत नाही. आईला वाटते आपल्यालाच दूध नाही. दूध असते. ते पिळून वाटीत काढावे आणि बोंडल्याने, नाहीतर वाटी-चमच्याने, बाळाचे डोके उंच धरून थोडे थोडे पाजावे. आपल्या आज्यांचे बोंडले अडगळीत पडले होते, ते अशा बाळांसाठी अगदी योग्य. उकळून घ्यावे एवढेच. आडवे निजवून पाजू नये. गिळणे अधू असेल तर दूध श्वासनलिकेत जाते. पाजताना वारंवार ठसका लागत असेल किंवा बाळ निळसर पडत असेल तर घरी प्रयोग न करता रुग्णालय गाठावे. तेथे काही दिवस नळीने पाजतात. जबडा लहान असलेल्या मुलाला कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना विकाराचे नाव आधी सांगावे.

दुसरे डोळे. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ उघडे राहते, कोरडे पडते, धूळ बसते आणि त्यावर फूल पडू शकते. चेहरा न हलण्याने मुलाचे जेवढे नुकसान होत नाही तेवढे नजर गेल्याने होईल. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, उन्हा-वाऱ्यात टोपी आणि थोडा मोठा झाला की चष्मा. आणि काजळ अजिबात नको. दृष्ट लागेल अशी भीती असेल तर तीट गालावर लावावी, तळपायाला लावावी, डोळ्यांत काही घालू नये. नेत्रतज्ज्ञ पापणीची कड थोडी शिवून उघडीप कमी करू शकतात. डोळे आत वळलेले असतील तर तिरळेपणाची शस्त्रक्रियाही होते.

पाऊल वळलेले असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करावे. दर आठवड्याला बदलत नेलेल्या प्लास्टरने बहुतेक पावले सरळ होतात. सव्वा महिना होऊ दे, जावळ होऊ दे, असे म्हणत वेळ घालवू नये. ऐकू येते की नाही हेही तपासून घ्यावे. पुढे दात आले की त्यांची जपणूक, कारण तोंड उघडे राहिल्याने लाळ सुकते आणि घास गालात अडकून राहतो.

मग बोलणे. इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण. ओठ मिटले नाहीत तर ते उमटत नाहीत. म्हणजे या मुलाला 'बाबा' अवघड, 'मामा' अवघड, 'पाणी'ही अवघड. पण 'आई' म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. 'आजी', 'काका', 'ताई', 'दादा' यांनाही नाहीत. तेव्हा बाबांनी रुसू नये. वाचा-उपचारतज्ज्ञ जिभेचे टोक वरच्या दातांना लावून 'ब' आणि 'म' च्या जवळ जाणारे आवाज काढायला शिकवतात. फोनवर ऐकले तर फरक कळतही नाही, इतके काही मुलांना ते साधते. लवकर सुरू करावे आणि घरातल्या सगळ्यांनी वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. मुलाच्या वतीने आपणच बोलून टाकण्याची आपल्याला फार खोड.

आता छाती. इथे घाबरण्यासारखे कमी आणि लाजण्यासारखे तर काहीच नाही. कमरेवर हात दाबून उभे राहिले की काखेच्या पुढे जी मांसल घडी हाताला लागते, ती या बाजूला नसते. ओळखण्याची खूण हीच. हाताचे काम मात्र आजूबाजूचे स्नायू सांभाळून घेतात. जेरोम तोमा या फ्रेंच मुष्टियोद्ध्याला पोलंड विकार होता. त्याने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणि २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले, तेही ठोशांच्या खेळात. अमेरिकेचा गोल्फपटू ब्राइस मोल्डर यालाही डाव्या छातीचा स्नायू नव्हता आणि डावा हात लहान होता. तरी २०११ साली त्याने व्यावसायिक स्पर्धा जिंकली. जुळलेली बोटे साधारण वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रियेने सुटी करतात. काही बाळांत बरगड्या कमी असतात, डाव्या बाजूचा दोष असेल तर क्वचित हृदय उजवीकडे सरकलेले असते. म्हणून एकदा छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. एकदा पुरते.

मुलींची अडचण वेगळी. बाराव्या-तेराव्या वर्षी एका बाजूची छाती भरत नाही तेव्हा मुलगी ओढणी घट्ट लपेटू लागते, पोहायला जाणे सोडते, आईलाही सांगत नाही. आयांनो, तुम्हीच विचारा. शिवणाऱ्या बाईंकडून आतल्या कपड्यात एका बाजूला भरीव गादी लावून घेता येते. वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे अठराच्या आसपास, पाठीचा स्नायू पुढे आणून, कृत्रिम रोपण करून किंवा शरीरातलीच चरबी भरून आकार देता येतो. घाईने आधी केले तर दुसरी बाजू वाढत राहते आणि पुन्हा तफावत पडते. लग्न होऊन मूल झाले तर एका बाजूचे दूध बाळाला पुरते. विकार सांगावा की लपवावा, असे पालक विचारतात. ज्या घरात ही गोष्ट लपवूनच जावे लागेल, त्या घराचाच मी फेरविचार करीन.

राहिले हसू. मांडीच्या आतल्या बाजूचा एक पातळ स्नायू काढून गालात बसवायचा आणि चावण्याच्या मज्जातंतूशी जोडायचा, अशी शस्त्रक्रिया आहे. मांडीचा हा स्नायू चेहऱ्यासाठी प्रथम जपानमध्ये हारी या शल्यचिकित्सकांनी वापरला, त्याचा वृत्तांत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील टोरांटो येथे झुकर यांनी मोबियसच्या मुलांवर ती पुष्कळ केली. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की करता येते, दोन्ही गाल काही महिन्यांच्या अंतराने. आपल्याकडेही मोठ्या शहरांत सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे प्लास्टिक सर्जन ती करतात. दात आवळले की ओठांचे कोपरे वर जातात. सरावाने पुढे दात न आवळताही जमू लागते. ओठही थोडे बरे मिटतात, लाळ कमी गळते. करावी का? मूल स्वतः मागत असेल तर जरूर. फोटो चांगला यावा म्हणून, पाहुण्यांसाठी, नको.

कारण हसू चेहऱ्यावर नसले म्हणून आत नसते असे नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या कॅथलीन बोगार्ट यांना स्वतःला मोबियस आहे. आपल्या चेहऱ्याने नक्कल करता आली नाही तरी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखता येतात, हे त्यांनी २०१० साली एका सहकाऱ्याबरोबर अभ्यास करून दाखवले. आपले भाव ही माणसे आवाजाच्या चढ-उताराने, हातवाऱ्यांनी, शब्दांच्या निवडीने पोहोचवतात. बहुतेकांची बुद्धी इतरांसारखीच असते. काहींना शिकण्यात अडचणी येतात, पण ते तपासून ठरवावे, चेहरा पाहून नव्हे. शाळेत नेमके उलटे होते. "मी एवढी रागावतेय आणि हा मख्ख उभा!" असे बाई म्हणतात, आणि प्रवेशाच्या वेळी "मुलाला समजतं ना?" असे आईला मुलासमोरच विचारतात. वर्ष सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकेला भेटून, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन, दोन वाक्यांत समजावून यावे. वर्गातल्या मुलांनाही सांगावे. मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात, हा माझा अनुभव.

आजीबाईंनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी कोठे जावे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मतः दोष असलेल्या मुलांची तपासणी करून पुढच्या उपचारांसाठी पाठवण्याची त्यात सोय आहे. अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा रुग्णालय वाट दाखवील. तेथे बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर, अस्थिरोगतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नावे एका वहीत लिहून घ्यावीत, प्रत्येक तारखेचे कागद त्याच वहीत लावावेत. आणि नातू साडेचार महिन्यांचा आहे म्हणता, तर सर्वांत आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, याच आठवड्यात.